शेळी खाईल तेच तोडायचं

परभणीला जाऊन आलो म्हटलं की आमच्या नाशिकच्या कॉलनीतले लोक एकच प्रश्न विचारतात, "तिथे कोण असतं तुमचं?" कोणी नसतं. लग्न, बारसं आणि दहावा सोडून माणूस आणखी कशासाठी गाव सोडतो यावर आमच्या कॉलनीचा विश्वास नाही. मग मी सांगतो, की पालापाचोळा बघायला गेलो होतो. यावर लोक आधी माझ्याकडे आणि मग एकमेकांकडे बघतात. सौ. गेल्यापासून ते तसं बघतातच, त्यामुळे त्यात नवीन काही नाही.

झालं असं, की माझी पुतणी वैदेही जनावरांच्या चाऱ्यावर संशोधन करते. तिच्याकडे साबणाच्या वडीएवढं एक यंत्र आहे. सुकवून चुरलेल्या पाल्यावर ते धरलं की आतून प्रकाश पडतो आणि फोनवर आकडा उमटतो : प्रथिनं इतकी, चोथा इतका. याच्या आत मशीन लर्निंग आहे म्हणे. ते काय असतं हे तिने मला माझ्या कुवतीप्रमाणे समजावलं. "काका, हजारो नमुने प्रयोगशाळेत तपासून त्यांचे आकडे याला दाखवलेत. आता हा नुसता परतलेला प्रकाश बघून अंदाज करतो. काकू नाही का पिठाला बोट लावून दळण कुठल्या गिरणीतलं ते सांगायची, तसं." अडचण एवढीच होती, की याचं शिक्षण बहुतेक परदेशी कुरणांवर झालेलं. बोर, बाभूळ, तुरीचं भुसकट याने जन्मात पाहिलं नव्हतं. म्हणून मराठवाड्यातून नमुने आणायला माणूस हवा होता. उन्हात फिरेल असा, पाल्याच्या पिशव्यांवर नीट नावं घालील असा, आणि घरी ज्याची कोणी वाट बघत नाही असा. ही शेवटची अट ती बोलली नाही. मी आपणहून पूर्ण करत होतो.

मानवत

मानवत रोड स्टेशन एकीकडे आणि मानवत दुसरीकडे, हे मला उतरल्यावर कळलं. गावात पोचलो तेव्हा कापसाचा हंगाम सरत आला होता. भरलेल्या गाड्या जाऊन जाऊन रस्त्याकडेच्या बाभळींच्या काट्यांना कापसाचे पुंजके अडकले होते. उत्साहाच्या भरात मी तिथेच पहिला नमुना घेतला. फोनने सांगितलं, नमुना ओळखीचा नाही. मी डहाळी उलटसुलट करून चार वेळा धरली. मग लक्षात आलं, की मी बाभळीचा पाला सोडून तिच्यावरचा कापूस मोजतोय. बाकड्यावर बसलेल्या दोघातिघांनी हे सगळं शांतपणे पाहिलं. एकाने विचारलं, कोनाकडं आलाव?

आमच्याकडे एसटी स्टँडवर लोक विचारतात, कुठे जायचंय. इथे विचारतात, कोनाकडं. वालूरला जातोय, असं मी सांगितलं की पुढे पुन्हा तेच, वालूरला कोनाकडं? "कोणाकडे नाही" हे उत्तर त्या माणसांना इतकं अवघड वाटत होतं, की शेवटी एकाने माझ्यावर दया करून स्वतःच्या साडूचं नाव सांगितलं आणि त्याच्याकडं जा म्हणाला.

वालूर

औषधाच्या दुकानामागची एक खोली माझ्यासाठी ठरवलेली होती. दुकानदाराने कुलूप उघडून दिलं, पाण्याचा माठ दाखवला आणि विचारलं, सोबत कोन येनार हाय? मी म्हटलं, कोणी नाही. "बरं," असं म्हणून त्याने खाटेवरच्या दोन उशांपैकी एक उचलून नेली.

ज्यांच्या शेळ्यांमागे मला फिरायचं होतं त्या कौसाबाई गावाच्या कडेला राहत. साठीच्या, उंच, काटक. हातात फांद्या खाली ओढायची आकडी. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगा दत्ता चाकणला कंपनीत. शेळ्या वीसेक, सगळ्या काळ्याभोर, लांब कानांच्या. एकीच्याच कपाळावर पांढरा टिळा होता, म्हणून तिचं नाव चांदी. ती निघाली की बाकीच्या निघत, ती थांबली की थांबत. आमच्या ऑफिसात असा एकही साहेब मी पाहिला नाही.

कौसाबाईंनी पहिलाच प्रश्न नेमका विचारला. नाशकाला शेळ्या न्हाईत का? आहेत, म्हटलं. मग इकडं कामून आलाव? मी यंत्र काढून सगळं समजावलं. त्यांनी ऐकून घेतलं, यंत्र हातात घेतलं आणि फडक्यातल्या भाकरीवर धरलं. फोन म्हणाला, नमुना ओळखीचा नाही.

"भाकरीला वळखंना," त्या म्हणाल्या, "आन् शेळीचं सांगनार."

दुपारी ओढ्याकाठच्या लिंबाखाली त्यांनी मला जेवायला बसवलं. ज्वारीची भाकरी, भाजून दळलेल्या येसराची आमटी, कांदा, ठेचा. तिखटाचा शोध आपणच लावला असं नाशिकच्या माणसाला वाटत असतं. मी ठेच्याचा मोठा गोळा घेतला. डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं, तसा कौसाबाईंनी काही न विचारता ताकाचा तांब्या पुढे सरकवला. कारण ठेच्याचं असलं म्हणून काय झालं, बऱ्याच दिवसांनी माझ्या डोळ्यांतलं पाणी कोणीतरी पाहिलं होतं.

ज्वारी काढून झाली होती. काळ्या रानाला हात जाईल एवढ्या भेगा, त्यात ज्वारीची धसकटं उभी, आणि लांब बांधावर एकच पळस लालभडक. मी कात्री घेऊन कामाला लागलो. जे दिसेल ते बुडापासून शेंड्यापर्यंत कापायचं, सुकवायचं, चुरायचं, पिशवीत भरून नाव घालायचं. धसकटं, वाळलेलं गवत, बोरीच्या काटेरी डहाळ्या, सगळं. काम सचोटीने केलं. आकडे आले ते अगदी रडके. प्रथिनं चार टक्क्यांच्याही आत.

संध्याकाळी खोलीवर बिस्किटं खात बसलो होतो. गावात दिवेलागण झाली की प्रत्येक घरातून भांड्यांचा आवाज येतो, आणि ज्याच्याकडे एकच भांडं आहे त्याला तो जरा जास्तच येतो. तेवढ्यात फोन वाजला. दत्ता होता, कौसाबाईंचा मुलगा. त्याने अदबीने विचारलं, काका, मशीन काय म्हणतंय, आमच्या रानातला चारा मृगापर्यंत पुरंल का?

आता माझं कसं आहे, मला कोणी प्रश्न विचारत नाही. केबलवाला विचारतो, तेही "घरी आहात का" एवढंच. इथे एक तरुण माणूस मला काका म्हणून माझं मत मागत होता. मी वाहवत गेलो. प्रथिनं म्हणजे काय, चोथा म्हणजे काय, शेळीच्या पोटात काय चालतं, त्यातलं मला जे माहीत होतं ते आणि जे नव्हतं तेही सांगितलं. शेवटी एक टाळीचं वाक्य टाकलं, की तुमच्या रानातला चारा म्हणजे निव्वळ पुठ्ठा आहे. तो म्हणाला, लय उपकार झाले काका. फोन ठेवल्यावर मी बराच वेळ खूश होतो.

दुसऱ्या दिवशी कौसाबाई शेळ्यांना हाका घालत होत्या, पण माझ्याशी बोलत नव्हत्या. दुपारपर्यंत मला वाटलं, त्यांची तब्येत बरी नसेल. मग त्याच म्हणाल्या, "पुठ्ठा म्हनलाव म्हनं तुमी."

दत्ताने सकाळीच झरीच्या व्यापाऱ्याशी बोलणं केलं होतं. मशीननेच सांगितलं म्हटल्यावर आता वाद कसला. परवा टेम्पो येणार, सगळ्या शेळ्या जाणार, आईला करमावं म्हणून एक ठेवायची. आणि उन्हाळा लागला की आईनेही चाकणला यायचं.

त्यांनी मला भाकरी दिली. ठेचाही दिला. पण फडकं माझ्यापुढे ठेवून त्या उठल्या आणि दुसऱ्या झाडाखाली जाऊन, पाठ करून जेवल्या. मी आयुष्यात पुष्कळदा एकटा जेवलो आहे. पण दहा पावलांवर माणूस असताना एकटं जेवायची ही पहिलीच वेळ.

नमुन्यांच्या कागदी पिशव्या मी बाभळीला टांगल्या होत्या. जेवून परत आलो तर चांदी मागच्या पायांवर उभी राहून त्यांचा फडशा पाडत होती. मी ओरडलो, धावलो, ढेकळात पाय मुरगळला, तोवर तिचं उरकलं होतं. सगळ्या पिशव्या फाटलेल्या. पण खाली बसून गोळा करायला लागलो तर काय, धसकटं जशीच्या तशी. गवताचे बुडखे जसेच्या तसे. बोरीचे काटे उरले, पाला गेला. दोन दिवसांतलं जे मी तळमळीने मोजलं होतं, त्यातलं बहुतेक तिने हुंगून टाकून दिलं होतं.

मी फोटो काढून वैदेहीला पाठवला. तिचा लगेच फोन आला.

"काका, तुम्ही झाड बुडापासून कापलंत?"

"सगळं. काही सोडलं नाही."

"अहो, शेळी काय झाड बुडापासून खाते? निघण्याआधीच्या प्रशिक्षणात मी दोनदा सांगितलं होतं. शेळी खाईल तेच तोडायचं. तिच्या मागे चालायचं, ती जिथून जेवढं ओरबाडते तिथून तेवढंच आपण तोडायचं. तेव्हा काय करत होतात?"

तेव्हा मी शेजारच्या गृहस्थांना तिच्या काकूच्या पुरणपोळ्यांबद्दल सांगत होतो. हे मी तिला सांगितलं नाही.

म्हणजे माझ्या कात्रीमुळे कौसाबाईंचा कळप विकला जाणार होता. यंत्राने चूक केली नव्हती. मी त्याच्यापुढे शेळ्यांचं उष्टं ठेवलं आणि त्याला विचारलं, जेवण कसं आहे.

चांदीच्या मागे

दुसऱ्या दिवशी कौसाबाईंची परवानगी काढली आणि सकाळपासून मी चांदीच्या मागे लागलो. तिने बोरीचा शेंडा तोडला की मी बोरीचा शेंडा तोडायचा. ती बाभळीखाली शेंगा टिपायला लागली की मीही ओणवा होऊन टिपायच्या. बांधावर तिने हराळीचा एक घास घेतला आणि पुढे गेली, मी एक चिमूट घेतली आणि पुढे गेलो. तुरीच्या मोकळ्या रानात गळलेला पाला ती ओठांनी असा वेचत होती, की आमच्याकडे डाळीतले खडेही कोणी इतक्या निगुतीने वेचत नाही. मध्येच तिने कोणाच्या तरी लग्नपत्रिकेचा कोपरा खाल्ला. मी सचोटीचा माणूस, उरलेली पत्रिका पिशवीत टाकली.

पहिल्यांदा ती मला टाळत होती. मग तिने मला स्वीकारलं, किंवा माझ्याकडे दुर्लक्ष केलं. घरातली माणसंही साधारण असंच करतात. ऊन चढलं. ओढ्याच्या वाळूत पाणी नव्हतं, नुसती ओल होती. आजूबाजूला माणूस नाही, फक्त कडब्याच्या गंज्या आणि वर एक घार. अशा ठिकाणी माणूस बोलायला लागतो. मी चांदीला बरंच काही सांगितलं. घरी अजून चुकून दोन कप चहा टाकला जातो आणि मग दोन्ही मीच पितो, हेसुद्धा सांगितलं. मागे वळून बघतो तर कौसाबाई आकडी टेकून उभ्या.

"काय सांगायलाव तिला?"

"काही नाही."

"सांगा की. मी बी तिलाच सांगते." आणि आकडीने वरची फांदी खाली ओढून मला तोडायला धरून दिली.

पाला सावलीत पसरून वर दगड ठेवले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी यंत्र धरलं. प्रथिनं दहा टक्क्यांच्या वर. मी तीन वेळा पाहिलं. मग घरात होतं नव्हतं ते सगळं मोजायला लागलो. कौसाबाई रोज संध्याकाळी कॅनॉलकडच्या उसाचं वाढं, म्हणजे शेंड्याचा हिरवागार पाला, डोक्यावरून आणायच्या, त्यांच्या मते शेळीला त्याहून भारी काही नव्हतं. यंत्राने वाढ्याला अगदी सुमार आकडा दिला. आणि अंगणाच्या कोपऱ्यात जे तुरीचं भुसकट त्या वीटभट्टीवाल्याला फुकट देणार होत्या, त्याला जवळजवळ दुप्पट. त्या चिडल्या. म्हणाल्या, पुन्हा बघा. पुन्हा पाहिलं, तेच. "हिरवंगार हाय की वो ते," त्या म्हणाल्या, आणि यंत्राकडे अशा बघत राहिल्या जणू सूनच उलट बोलली. वाढं मात्र त्यांनी नंतर आणलं नाही.

वैदेहीने मला फोनवर आधी दटावलं. म्हणाली, या झाडांचं याला शिक्षण नाही, आकडा थोडा इकडेतिकडे होईल, खरं काय ते प्रयोगशाळा सांगेल. मग तिने हिशेब करून सांगितलं, की एवढ्या पाल्यावर आणि भुसकटावर मृगापर्यंत आठ शेळ्या नीट राहतील. वीस राहणार नाहीत.

टेम्पो दुपारी येणार होता. आम्ही ओसरीवर बसून दत्ताला फोन लावला, आवाज मोठा करून. मी त्याला सगळं सांगितलं, आठ शेळ्यांचंही सांगितलं.

"काका, परवा तुमीच पुठ्ठा म्हनलाव."

"शेळ्या खात नाहीत ते मोजलं होतं मी. चुकलो."

तो म्हणाला, "चाऱ्याचं न्हाईच वो काका. मागल्या उन्हाळ्यात आई वढ्यात चक्कर यून पडली. दिवस बुडूस्तवर कुनाला पत्ता न्हाई. शेळ्या फोन करनार हायत का मला?"

मी कौसाबाईंकडे पाहिलं. त्या फोनकडे बघत होत्या.

"दत्ता, एक ठेव म्हनलास ना," त्या म्हणाल्या. "एकटी शेळी चरत न्हाई बाबा. किती बी चांगला पाला टाक म्होरं. वरडत राहती आन् वाळत जाती."

"मग तू ये की इकडं. तिथं तरी एकटीच हायस."

"हितं मी एकटी न्हाई. तुमी दोगं नवरा-बायकू कामाला गेल्यावर त्या चौथ्या मजल्यावर मी कुनासंगं चरू?"

फोनमध्ये मागे कुठलं तरी मशीन चालू असल्याचा आवाज येत होता. शेवटी दत्ता म्हणाला, आठ. पण दुपारी झाडाखाली बसलीस की फोन करायचा, आणि शेळ्या कोंडल्यावर पुन्हा करायचा. एक दिवस फोन आला न्हाई तर मी येऊन समद्या इकनार. कौसाबाई म्हणाल्या, व्हय. मग कोणत्या जाणार ते ठरवायला त्या उठल्या, आणि मी तिथून उगीचच औषधाच्या दुकानाकडे गेलो. ते बघवलं नसतं.

झरी

परतीच्या रस्त्याला एसटी नव्हती म्हणून टेम्पोवाल्याने मला झरीपर्यंत घेतलं. समोरची जागा भरलेली, त्यामुळे मी मागे, बारा शेळ्यांबरोबर. निघताना कौसाबाईंनी मला फडक्यात धपाटे बांधून दिले आणि शेळ्यांकडे बघितलं नाही.

व्यापारी माणूस चांगला होता. वाटेत खायला त्याने टेम्पोत लसूणघासाच्या ताज्या पेंढ्या टाकल्या होत्या. सवयीने मी चार पानं चुरून यंत्राखाली धरली. ओली होती तरी संपूर्ण प्रवासातला सगळ्यात मोठा आकडा तिथे उमटला. आणि एकही शेळी त्या घासाला तोंड लावत नव्हती. बाराही जणी वालूरच्या दिशेला तोंड करून ओरडत होत्या. बारा होत्या, पण चांदी नव्हती, रान नव्हतं, आकडी घेतलेली बाई नव्हती. मी घास हाताने त्यांच्या तोंडाशी नेला. एकीने हुंगला आणि मान फिरवली.

झरीला उतरलो. परभणीच्या एसटीला अवकाश होता. हॉटेलात भजी मागवली, चहा मागवला. मग फडकं सोडलं आणि धपाटे बघितले, पुन्हा बांधून ठेवले. भजी तशीच राहिली. हॉटेलवाल्याने विचारलं, आवडली न्हाईत का? चांगली होती. त्यांच्यात काहीच वाईट नव्हतं.

नाशिक

प्रयोगशाळेचा निकाल आला. यंत्राने बोरीला थोडं जास्त दिलं होतं, बाभळीच्या शेंगांना थोडं कमी. वैदेहीने ते सगळं त्याला शिकवलं, आता त्याला बोर ओळखता येते. लग्नपत्रिकेचं काय करायचं अशी विचारणाही प्रयोगशाळेतून आली होती.

कौसाबाई दुपारी दत्ताला फोन करतात. तो झाला की कधीकधी मला लावतात. फार बोलणं नसतं. चांदी बरी हाय. भुसकट पुरायलंय. जेवलाव का? मी म्हणतो, हो. त्या म्हणतात, बरं, आणि ठेवतात.

परवा त्यांनी पुढे विचारलं, "काय खाल्लं?"

मी उठून स्वयंपाकघरात गेलो. ओट्यावर सकाळची पोळीभाजी झाकून ठेवलेली होती.

"ताट घ्या," त्या म्हणाल्या. "मी फोन ठेवत न्हाई."

मी पोळी वाढून घेतली, फोन ताटाशेजारी ठेवला. तिकडून चांदीच्या गळ्यातल्या घंटेचा आवाज येत होता, आणि बाभळीच्या शेंगा दाताखाली फुटण्याचा. त्या आवाजात मी ताट संपवलं.